गर्शोनचे हिरव्या शाईतले शनिवार

गर्शोन तळकरची आणि माझी पहिली भेट झाली ती वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलमधल्या कॅन्टीनमध्ये, एकोणीसशे शहात्तर साली. मी तिथे भूलतज्ज्ञ म्हणून नवा लागलेला. समोर ट्रे घेऊन एक सावळा, बारकासा माणूस बसला, माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला आणि नावगाव काही विचारायच्या आत शुद्ध मराठीत म्हणाला, "वरचा डावा सुळा तुमचा नाही."

खरं होतं. माझा मूळचा सुळा पुण्यात स्कूटरवरून पडलो तेव्हा गेला आणि त्याच्या जागी दुसरा बसला, ही गोष्ट माझ्या बायकोला लग्नानंतर दोन वर्षांनी कळली होती. या गृहस्थाला दोन मिनिटांत.

"कशावरून?" मी विचारलं.

"बाकीचे दात चहा पितात. हा पीत नाही."

गर्शोनचा धंदाच तो. दात बनवायच्या लॅबमध्ये तो कामाला होता. अशा लॅबमध्ये सोळा खोट्या दातांचा एक पंखा असतो, प्रत्येक दातावर रंगाचा नंबर, ए-वन, ए-टू, बी-वन असा. पेशंटला खिडकीशी उभं करायचं, पंखा उघडायचा आणि कुठला रंग जुळतो ते बघायचं. लॅबमधले बाकीचे लोक दहा मिनिटं बघत बसत. गर्शोन पंखा उघडतच नसे. दारातून येणाऱ्या माणसाने "गुड मॉर्निंग" म्हटलं की याने नंबर लिहिलेला असायचा. पांढऱ्यात किती पिवळं आहे आणि पिवळ्यात किती हिरवं, हे त्याला आपल्याला मीठ कमी-जास्त कळतं तसं कळायचं.

मूळचा रेवदंड्याचा. आमची इथली मराठी मंडळी "तळकर" ऐकून खूश व्हायची आणि "गर्शोन" ऐकून गोंधळायची. मग तो समजावून सांगायचा, की आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी, गावात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण बाकीचे तेली सोमवारी घाणा बंद ठेवत आणि आम्ही शनिवारी. आजोबांचा घाणा केव्हाच गेला, पण शनिवार गर्शोनने सोडला नाही. शनिवारी गाडी नाही, विस्तव नाही, ओझं उचलणं नाही, आणि हातात पेन नाही. सिनेगॉग कार्डिफला, हा राहतो चार-पाच मैलांवर पेनार्थला, म्हणून शनिवारची प्रार्थना घरीच.

त्याची बायको सिप्पोरा पनवेलची. हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजवर होती. एकदा ऐकलेला एक्स्टेन्शन नंबर ती विसरत नसे आणि एकदा ऐकलेली माझी थापही. "भावजी, ही गोष्ट ब्याऐंशीच्या दिवाळीत सांगितलीत तेव्हा कुत्रा एक होता. आता दोन कसे झाले?" असं चारचौघांत विचारणारी बाई. तिच्यासमोर बोलताना मला फार जपून बोलावं लागतं, आणि माझ्यासारख्याला हा केवढा जाच आहे ते माझं मलाच माहीत.

तर या गर्शोनला दातांखालोखाल एकच वेड होतं. वटवटे. वॉर्बलर म्हणतात ते, बोटाएवढे हिरवट-तपकिरी पक्षी. पानांत लपतात, एक मिनिट स्वस्थ बसत नाहीत आणि सगळे एकमेकांसारखे दिसतात. ज्याला दातांच्या सोळा पांढऱ्या रंगांत फरक कळतो त्याला हेच पक्षी आवडणार, हे उघड आहे. मोरबिर त्याला कधी आवडलाच नाही. "त्यात ओळखायचं काय?" म्हणायचा.

पेनार्थच्या पुढे समुद्रात घुसलेलं एक टोक आहे. आम्ही सगळे त्याला टोकच म्हणतो. झुडपं, थोडी सिकॅमोरची झाडं, जुन्या तोफखान्याची पडकी भिंत, आणि समोर ब्रिस्टलची खाडी. सप्टेंबरात दक्षिणेकडे निघालेले वटवटे खाडी ओलांडायच्या आधी इथे टेकतात, दोन दिवस किडे खाऊन अंगावर चरबी चढवतात आणि हवा निवळली की रात्रीच्या रात्री निघून जातात. गर्शोन एकोणऐंशी सालापासून तिथे जायचा आणि वहीत लिहायचा. मार्चच्या मध्याला चिफचॅफ आला. एप्रिलात विलो वॉर्बलर आला. सप्टेंबरात ब्लॅककॅप गेले. नोव्हेंबरात पुन्हा ब्लॅककॅप दिसले की तो मला सांगायचा, "हे आपले नव्हेत हां. आपले स्पेनला गेले. हे जर्मनीहून आलेत, हिवाळ्यापुरते."

पुढे पुढे त्याने आमच्या मराठी मंडळाचीसुद्धा अशीच वर्गवारी केली. मी आणि तो रहिवासी. पुण्या-नागपूरहून दोन वर्षांच्या व्हिसावर येऊन लंडनजवळच्या मेडनहेडला जाता जाता कार्डिफला टेकणारी सॉफ्टवेअरवाली पोरं म्हणजे वाटेतले प्रवासी. आणि मे महिन्यात मुलाकडे येऊन, "इथे कोथिंबीर कशी मिळत नाही" असं म्हणत सप्टेंबरात परत जाणारे आईबाप म्हणजे उन्हाळी पाहुणे. मंडळाच्या गणपतीत त्याने हे सांगितलं तेव्हा मंडळातल्या ऋजुताच्या सासूबाई, ज्यांची सहा महिन्यांची मुदत संपत आली होती, त्या सबंध संध्याकाळ त्याच्याशी बोलल्या नाहीत.

वहीतली नोंद आठवड्यातले सहा दिवस निळ्या शाईत असायची. शनिवारची हिरव्या. आता तुम्ही विचाराल, शनिवारी पेन धरायचं नाही तर नोंद कुठून आली? तर तीच गंमत आहे.

शनिवारी सकाळी प्रार्थना आटोपून नवराबायको दोघं पायी टोकाकडे निघायची. दुर्बीण गर्शोनच्या गळ्यात. "ही चालते का रे शनिवारी?" मी डिवचायचो. "ही घातलेली आहे, उचललेली नाही," असं ठरलेलं उत्तर. पक्षी दिसला की गर्शोन म्हणायचा, "घे." मग काय दिसलं ते सांगायचा. सिप्पोरा क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "घेतलं." बास. दिवसभराचं सगळं तिच्या डोक्यात. संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले, शनिवार संपला, की हा वही उघडून बसायचा आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत म्हणून दाखवायची. एक्सचेंजवर निरोप घ्यायची सवय. आपल्या मनाचा काना नाही की मात्रा नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांचे शनिवार असे हिरवे झाले.

दोन हजार सहाच्या सप्टेंबरची दोन तारीख शनिवारच होती. मीही गेलो होतो बरोबर. पक्ष्यांसाठी नाही, सिप्पोरावहिनींच्या चटणीच्या सँडविचसाठी, उगाच खोटं कशाला बोलू.

"घे. चिफचॅफ, सात."

"घेतलं."

"ब्लॅककॅप, दोन, दोन्ही माद्या."

"घेतलं."

"एक पेरूवाला."

"घेतलं," वहिनी म्हणाल्या आणि आम्ही पुढे चालू लागलो. दहा-बारा पावलं गेलो असू. वहिनी थांबल्या. "अहो, पेरूवाला म्हणजे कोण? तुमच्या यादीत या नावाचं कोणी नाही."

गर्शोन वळला. "मी काय म्हणालो?"

"एक पेरूवाला, म्हणालात. मागच्या सिकॅमोरवर."

त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं याला आता झोपवावंच लागणार. रेवदंड्याला त्यांच्या घरामागे पेरूचं झाड होतं. ऑक्टोबर लागला की त्या झाडावर एक वटवट्या यायचा तो थेट एप्रिलपर्यंत राहायचा. गर्शोनने लहानपणी पहिला पक्षी ओळखला तो हा, इंग्रजीतला ग्रीनिश वॉर्बलर. आपल्याकडे हिवाळ्यात हा कुठल्याही परसात असतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण त्याचा घरी परतायचा रस्ता रशियाकडून हिमालयावरून हिंदुस्थानात. वेल्समध्ये येतो तो एखादाच, चुकून, उलट्या दिशेला निघालेला. आमच्या टोकावर तर कोणी कधी पाहिलेलाच नव्हता. आणि हा पठ्ठ्या त्याला ओळखून, त्याची हजेरी लावून, जणू घरामागच्या परसात असल्यासारखा पुढे निघाला होता! कुठल्याही इंग्रज पक्षीवाल्याच्या हातून ही चूक झाली नसती. त्याला तो ओळखीचा वाटलाच नसता ना.

आम्ही परत आलो. मला हलणारं पान दिसलं, बाकी काही नाही. गर्शोन मात्र कुजबुजत सांगत होता.

"घे. भुवई लांब, चोचीच्या मुळापर्यंत. रंग ए-वन."

"घेतलं."

"पंखावर पट्टी एकच. तांदळाच्या कणीएवढी. बी-टू. दुसरी पट्टी नाही. नाही म्हणजे नाही."

"घेतलं."

"पाय काळपट, पण चिफचॅफइतके काळे नाहीत. खालची चोच पिवळट-नारिंगी. शेपूट खाली झटकत नाही. आवाज दोन तुकड्यांचा, चिस्-ली. घेतलंस?"

"घेतलं, घेतलं."

"वहिनी, अजून एक सँडविच आहे का?" मी विचारलं.

दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीमागे जाऊन बसलो.

रविवारी उजाडताच गर्शोन कॅमेरा घेऊन टोकावर हजर. रात्री आकाश निरभ्र, वारा उत्तरेचा. झाड रिकामं. पक्षी गेला होता.

टोकावर जाणाऱ्यांचा एक लहानसा क्लब आहे, वीसेक माणसांचा. दुर्मीळ पक्षी दिसला तर फॉर्म भरायचा आणि क्लबच्या तिघांच्या समितीने तो मान्य करायचा, अशी पद्धत. समितीचा मुख्य ग्लिन, निवृत्त भूगोलमास्तर. उंच, भव्य कपाळाचा, हसला की शाळेचं फाटक उघडल्यासारखं वाटायचं. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: टिपणं जागेवर केलीत का? गर्शोनने लिहिलं: नाही. दुसरा प्रश्न: या पक्ष्याचा पूर्वीचा अनुभव? गर्शोनने लिहिलं: चोवीस हिवाळे, रोज, पेरूच्या झाडावर. दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी, आणि दोन्ही समितीच्या उपयोगाची नाहीत.

इथवर ठीक होतं. इथून पुढे माझा पराक्रम.

सप्टेंबरच्या शेवटी गर्शोनने मला फोन केला. "विन्या, गुरुवारी गाडी काढशील का? डोळ्याच्या क्लिनिकला जायचंय. सिप्पोराला दातांच्या कामाला म्हणून सांगितलंय." डाव्या डोळ्याचा पडदा खराब होत चालला होता. उजवा अजून धड होता, पण डॉक्टर म्हणाले, त्याचीही खात्री नाही. परत येताना गर्शोनने चष्मा खिशात ठेवला. मग म्हणाला, "हे तुझ्यापाशी ठेव. लंडनला एलाला कळलं तर उद्याच सामान बांधायला येईल." एला त्यांची मुलगी. ती केव्हाची आईवडिलांना आपल्याकडे बोलवत होती.

मी ठेवलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवारी क्लबचा चहा होता. ग्लिनने विचारलं, "गर्शोन दिसला नाही?" आणि माझ्या तोंडून गेलं, की बिचारा, डोळ्यांचं जरा, काय सांगू तुला. वाईट मनात काही नव्हतं. माझ्यासारखे लोक जे काही बाहेर सांगतात ते नेहमी कळवळ्यापोटीच सांगतात. आणि कळवळा असला की बारीकसारीक तपशीलही देता येतात.

डिसेंबरात पत्र आलं. नोंद सिद्ध होत नाही. निरीक्षकाच्या सचोटीबद्दल शंका नाही, परंतु टिपणं जागेवर केलेली नाहीत, छायाचित्र नाही, आणि निरीक्षकाच्या दृष्टीविषयी नुकतंच जे समजलं ते पाहता. खाली आणखी एक परिच्छेद होता. क्लब टोकावरच्या वटवट्यांच्या येण्याजाण्याची जवळजवळ तीस वर्षांची पुस्तिका काढणार होता. तिच्यात मुख्य आधार गर्शोनच्या वह्यांचा. पण आता हाच नियम सगळीकडे लावायचा, तर हिरव्या शाईतल्या नोंदी घेता येणार नाहीत, क्षमस्व.

म्हणजे दर सातवा दिवस खोडला. एक पक्षी गेला असता तर गर्शोन दोन दिवस कुरकुरला असता आणि विसरला असता. पण डोळे जायला लागलेले, लंडनला जाणं आज ना उद्या टळत नाही, मागे राहणार त्या या वह्याच, आणि त्यातले सगळे शनिवार खोटे ठरणार. दोघांनी मिळून चाललेले सगळे शनिवार.

पत्र घेऊन तो माझ्याकडे आला. मी आरडाओरडा होईल म्हणून तयारीत होतो. त्याने कोटही काढला नाही. दारातच म्हणाला, "विन्या, तुझ्या सुळ्याचं मी तीस वर्षांत कोणाला सांगितलं का रे?"

आणि गेला. भुलीशिवाय दात काढतात म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन. "भावजी, डोळ्याचं मला पत्रावरून कळलं. नवऱ्याचं दुखणं बायकोला भूगोलमास्तरकडून कळावं, हे तुम्हाला शोभलं." आणि फोन ठेवला. मी जानेवारीभर त्या घराची पायरी चढलो नाही. सँडविच सोडा, बोलायला माणूस नाही. माझी बायको मेडनहेडला नातवंडांकडे गेलेली. एकदा आरशासमोर उभा राहून सुळ्याकडे बघत बसलो होतो, यावरून काय ते ओळखा.

शेवटी फेब्रुवारीत उठलो आणि ग्लिनच्या घरी गेलो. त्याला म्हटलं, "टिपणं जागेवर केली होती. फक्त कागदावर केली नव्हती. शनिवारची वही घरीच आहे, तिला एकदा तपासून बघ. ती म्हणजे सिप्पोरा." ग्लिन उठून पुस्तकांच्या कपाटाशी गेला. त्यालाही ते पत्र खात होतं, हे मला नंतर कळलं. म्हणाला, "ऐंशीच्या दशकात मीही शनिवारी टोकावर जात असे. माझ्या वह्या आहेत."

तर एका रविवारी दुपारी आम्ही तळकरांकडे गेलो. वहिनी स्वयंपाकघराच्या टेबलावर पोहे निवडत होत्या. माझ्याकडे बघितलंही नाही, पण तिसरी खुर्ची ओढून ठेवली होती, ती मी माफी समजून बसलो. गर्शोन कोपऱ्यात. ग्लिनने स्वतःची जुनी वही उघडली, छातीशी धरली आणि म्हणाला, "चौदा सप्टेंबर, एकोणीसशे पंच्याऐंशी."

वहिनींना इंग्रजी येत होतं, पण शनिवार त्यांनी मराठीत घेतलेले, म्हणून मी मराठीत सांगितलं. वहिनींचा हात पोह्यांत थांबला. डोळे मिटले.

"एलाच्या कांजिण्या नुकत्या बऱ्या झालेल्या. सकाळी धुकं, मग ऊन. चिफचॅफ, अकरा. विलो वॉर्बलर, चार, एकाची शेपूट तुटलेली. ब्लॅककॅप, तीन, नर एक, माद्या दोन. व्हाइटथ्रोट, एक, भिंतीवर. ग्लिनसाहेब भेटले, त्यांच्या बुटाची नाडी सुटलेली. संपलं."

मी एकेक इंग्रजीत सांगत होतो. ग्लिनचं बोट वहीत खाली खाली सरकत होतं. शेवटी थांबलं. "माझ्याकडे एक जास्त आहे. ग्रासहॉपर वॉर्बलर, एक."

गर्शोनने उठून आपली पंच्याऐंशीची वही आणली. हिरव्या शाईत तंतोतंत वहिनींनी म्हटलं तेच. ग्रासहॉपर वॉर्बलर नाही.

"मी आंधळा व्हायच्या आधीची आहे ही," गर्शोन म्हणाला.

ग्लिनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तो मी पाहिला नव्हता," तो म्हणाला. "कार पार्कमध्ये कोणीतरी सांगितलं आणि मी लिहून टाकला."

"निळ्या शाईत?" वहिनींनी विचारलं. हे मी भाषांतर केलं नाही. गरज पडली नाही.

मग त्याने दोन सप्टेंबर विचारलं. वहिनींनी भुवईपासून चिस्-लीपर्यंत सगळं म्हटलं, ए-वन, बी-टू, तांदळाची कणी, आणि त्याच सुरात, "वहिनी, अजून एक सँडविच आहे का." मी तेही भाषांतर करून सांगितलं. सचोटीचा प्रश्न होता.

"आवाज, रचना, सगळं बरोबर आहे," ग्लिन म्हणाला. "राहता राहिला रंग. दातांच्या नंबरांवर समिती विश्वास कसा ठेवणार? आणि डोळा." तो उठून खिडकीशी गेला आणि गर्शोनकडे तोंड करून हसला, शाळेचं फाटक पूर्ण उघडून. "सांग. माझे पुढचे चार कुठल्या नंबरचे?"

गर्शोनने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. चांगलं रोखून. मग म्हणाला, "तुझे दात तुझेच आहेत, ग्लिन. मला काय माहीत?"

"गर्शोन, एक नंबर सांगायचाय. तुझी नोंद त्याच्यावर आहे."

"म्हटलं ना, माहीत नाही."

मला काही कळेना. जिंकायची संधी समोर उभी आहे आणि हा माणूस नाही म्हणतोय. मग ग्लिनने पाठ केली, मान खाली घातली, आणि वळला तेव्हा त्याच्या हातात चार दात होते आणि तोंडात खिंडार.

"ए-थ्री," तो म्हणाला. तसं बोलताना नुसतं वारंच सुटलं, पण कळलं. "एकोणीसशे चौऱ्याऐंशी. याने खिडकीशी एकदा बघितलं आणि बनवले. माझ्या बायकोला माहीत नाही. बावीस वर्षांत याने कुठे सांगितलं असेल का, हेच मला बघायचं होतं."

(आता तुम्ही म्हणाल, मग मी कसा काय सांगतोय? तर ग्लिन आता स्वतःच पार्टीत दुसऱ्या पेल्यानंतर ते काढून दाखवतो. माझ्याकडून काही फुटलेलं नाही. यापुढे फुटणारही नाही, असं मी वहिनींना कबूल केलंय, आणि त्यांच्या लक्षात राहतं.)

"दात हा काही पुरावा नाही," दात बसवून घेतल्यावर ग्लिन मास्तरी आवाजात म्हणाला, "नियम म्हणजे नियम. पण बाईंची वही पुरावा आहे. फॉर्म द्या."

फॉर्म त्याने स्वतः दुरुस्त केला. टिपणं जागेवर केलीत का? होय, तोंडी. समितीतल्या बाकी दोघांनी महिनाभर चर्चा केली, वहिनींना आणखी तीन शनिवार विचारले, आणि मान्य केलं. एप्रिलमध्ये पुस्तिका आली. तिच्यात सगळे शनिवार होते. शेवटच्या पानावर ओळ: ग्रीनिश वॉर्बलर, एक, दोन सप्टेंबर, सिकॅमोरवर, निरीक्षक सिप्पोरा व गर्शोन तळकर.

गर्शोनने भिंग लावून ती तीनदा वाचली. "हिचं नाव आधी का?"

"वर्णक्रमाने," मी म्हटलं.

"इंग्रजीत जी एसच्या आधी येतो, विन्या."

"मग लायकीप्रमाणे असेल."

वहिनींनी नवस बोलला होता, आम्हाला न सांगता. लगेचच्या रविवारी त्यांनी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा केला. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, मनुका, वर पाच फळं. गर्शोनने हिब्रूत प्रार्थना म्हटली. फळांमध्ये पेरू होता, कार्डिफच्या बांगलादेशी दुकानातून आणलेला, दगडासारखा. ग्लिनला खास ताकीद देऊन पुढच्या दातांनी चावू दिला नाही.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी दोघं एलाकडे लंडनला जायला निघाली. उजवाही डोळा तोवर मधोमध पुसट झाला होता. कडेकडेने दिसायचं, समोरचं नाही. जायच्या आधीच्या शनिवारी आम्ही तिघं टोकावर गेलो. मला वाटलं होतं, गर्शोन नुसता समुद्राकडे तोंड करून बसेल. पण सिकॅमोरपाशी पोचल्यावर त्याने गळ्यातली दुर्बीण काढली आणि वहिनींच्या गळ्यात घातली.

"मला एकसारखेच दिसतात हो सगळे," वहिनी म्हणाल्या.

"ओळखायचं मी बघतो. तू दिसेल तेवढं सांग."

वहिनींनी दुर्बीण वर केली. बराच वेळ पानांत काही सापडेना. मग त्यांचा आवाज बदलला, एक्सचेंजवरचा झाला.

"घ्या. लहान आहे. पाय काळे. भुवई आखूड. शेपूट सारखी खाली झटकतोय."

"घेतलं," गर्शोन म्हणाला. डोळे मिटलेले. "चिफचॅफ. पट्टी आहे का पंखावर?"

"नाही. घ्या, अजून एक. मोठा आहे. भिंतीमागे. डोक्यावर केस नाहीत. पिशवीत काहीतरी शोधतोय. आवाज अखंड."

"घेतलं," गर्शोन म्हणाला. "हा रहिवासी आहे. सँडविच दे त्याला एक, नाहीतर टोकभर सांगत फिरेल."